गोव्याच्या थंडीपुरती वाकळ: घरातल्या कातरणांची, हाताने शिवलेली

घाटावरचे पाहुणे आमच्या थंडीला हसतात आणि त्यांचं काही चुकत नाही, पणजीत डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा २०-२१ च्या आसपास आला की आम्ही कानटोप्या शोधायला लागतो, हेच नाशिकला कुणी केलं तर घरचे ताप मोजतील. आमच्या डिचोलीकडे डोंगराच्या आत थोडी जास्त जाणवते, सकाळी तुळशीच्या पानांवर दंव असतं, शेतात वायंगणाची, म्हणजे हिवाळी भाताची, गडबड सुरू झालेली असते आणि रात्री पंखा बंद करायचा की एकवर ठेवायचा यावरून घरात रोज वाद. ही थंडी ब्लँकेटची नाहीच मुळी. ब्लँकेट घेतलं की मध्यरात्री घाम, लाथाडलं की पहाटे पाय पोटाशी. हिला लागते जुन्या सुती साडीची पातळ वाकळ, दोन-तीन पदर आणि वर तुकडे, बस्स. आणि ती दुकानात मिळत नाही, मिळते ती रजई असते नाहीतर मशीनवर शिवलेली कडक काहीतरी.

तर ती कशी करायची ते सांगते. हल्ली याला स्लो स्टिचिंग म्हणतात, आमच्या सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, अगो, फास्ट स्टिचिंग कधी होतं गो आमच्या वेळी?

आधी माझी फजिती ऐका म्हणजे तुमचे कष्ट वाचतील. पहिली वाकळ मी उत्साहात केली आणि आत घातलं एक जुनं लोकरीचं ब्लँकेट, ऊब यायला हवी ना! सुई जाता जाईना, बोटांना भोकं पडली, चार महिने लागले, आणि झाल्यावर ती इतकी जड की सासूबाईंनी विचारलं, ही वाकळ का गादी? तेही चाललं असतं, पण गोव्यात वर्षाला तीनेक हजार मिलीमीटर पाऊस पडतो हे मी विसरले. जूनमध्ये कपाटात घडी करून ठेवली, गणपतीत काढली तर आत काळे ठिपके आणि वास असा की कुत्र्याला अंथरायला दिली, त्यानेही नाक मुरडलं. धुवायला घेतली तर दोघांनी दोन टोकं धरून पिळावी लागली. तेव्हापासून माझा एकच नियम, जी वाकळ एकट्या बाईला पिळता येत नाही आणि नोव्हेंबरच्या एका दिवसाच्या उन्हात वाळत नाही ती आपल्या हवेत करायचीच नाही. आत कापूस नाही, फायबर नाही, ब्लँकेट नाही. फक्त जुनं सुती.

मुहूर्त म्हणाल तर पाऊस गेल्यावर, म्हणजे ऑक्टोबर अर्ध्यावर आल्यावर. दिवाळीचे नरकासुर जाळून झाले, पोहे खाऊन झाले, घर आवरताना कपाटं तशीही रिकामी झालेली असतात, तेव्हाच कापडं बाजूला काढा आणि दोन दिवस कडक उन्हात टाका. पावसाळ्याचा कोंदट वास एकदा वाकळीत शिवला गेला की मग जात नाही. व्हडल्या दिवाळीला तुळशीचं लग्न लागेपर्यंत तुकडे कापून तयार हवेत, की मग नाताळापर्यंत एक छोटी वाकळ सहज होते.

आता कापड. तळाला साडी, वर तुकडे, एवढंच लागतं. साडी जुनी सुती, वापरून वापरून मऊ झालेली, जी आता नेसली तर गुडघ्यावर फाटेल अशी. साडेपाच मीटरच्या साडीची तिपदरी घडी घातली तर साधारण ७२ इंच लांब आणि ४५ इंच रुंद असं होतं, एका माणसाला पुरतं. पण पहिल्यांदाच करताय तर माझं ऐका आणि एवढी मोठी घेऊ नका, अर्धवट राहिलेल्या वाकळी मी फार घरांत पाहिल्यात, माळ्यावर पिशवीत सुईसकट. पहिली ३० बाय ३६ इंचाची करा. बाळाला दुपटं होतं, मांडीवर घ्यायला होतं, बाळ नसेल तर मांजर असतंच.

वरच्या तुकड्यांसाठी विकत काही आणायचं नाही हा माझा हट्ट आहे. फाटलेली उशीची खोळ, नवऱ्याचे कॉलर झिजलेले शर्ट (पाठीचं कापड अगदी नव्यासारखं असतं, बघा काढून), मुलांचे आखूड झालेले फ्रॉक, लुंग्या, शेजारच्या टेलरकडची कातरण, तो ती फुकट देतो वर आभार मानतो. एक गोष्ट मात्र तपासा, ते म्हणजे ओटीचे ब्लाउजपीस. प्रत्येक घरात पंचवीस-तीस पडलेले असतात, या हळदीकुंकवातून त्या हळदीकुंकवात फिरत असतात, रंग छान असतात, पण बरेचसे पॉलिएस्टर मिसळलेले. ओळखायचं असं, एक धागा काढून चिमट्यात धरून जाळा, सुती असेल तर कागदासारखा जळून राख होते, पॉलिएस्टर असेल तर वितळून टोकाला कडक मणी तयार होतो. मणी झाला की तो पीस परत हळदीकुंकवात.

कुणबी साडीचा तुकडा मिळाला तर सोन्याहून पिवळं. लाल-पांढऱ्या चौकडीची ती जाडीभरडी सुती साडी, एका काळी इथल्या शेतात कामाला जाणाऱ्या बायका खांद्यावर गाठ मारून नेसायच्या, मग विणायचं जवळजवळ थांबलं, नंतर कोलवाळच्या वेंडेल रॉड्रिक्स या फॅशन डिझायनरनी ती परत रॅम्पवर आणली आणि आता नवीन घ्यायला गेलात तर किंमत बघून चक्कर येते. जुनी कुणाच्या पेटीत असेल तर मागा, पण आख्खी धड असेल तर कापू नका हं, फाटलेलीच घ्या. आणि तिचा लाल रंग तपासा. लालच नाही, कुठलंही गडद कापड आधी ओलं करून पांढऱ्या फडक्यात दाबून इस्त्री फिरवा, फडक्यावर रंग आला तर तो तुकडा दोन-तीनदा धुवा, तरी सुटतोय तर सोडून द्या. मिठाच्या पाण्यात बुडवून रंग पक्का होतो म्हणतात, माझ्याकडे झाला नाही, एक अख्खं पांढरं दुपटं गुलाबी झालं आणि सगळ्यांना वाटलं मी मुद्दाम केलं.

सगळं धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच कापायचं. जुनं कापड फार लुळं असेल, हातात सरकत असेल तर पेजेच्या वरच्या पाण्याची पातळ खळ द्या, आपल्याकडे उकड्या तांदळाची पेज रोजच होते, ते पाणी फुकट. खळ दिली की घड्या नीट बसतात. फक्त वाकळ झाल्यावर धुऊन खळ काढायची, नाहीतर कसर लागते. कापायचं हाताच्या पंजाएवढं, ४ ते ६ इंच, चौकोनी किंवा लांबट पट्टी, मापाची पट्टी घेऊन बसू नका, डोळ्यांनी ठीक दिसलं की ठीक. कापड फाडता येत असेल तर फाडाच, सुती कापड धाग्याच्या सरळ रेषेतच फाटतं त्यामुळे तिरका तुकडा येत नाही, तिरका आला की तो शिवताना ताणला जातो आणि फुगा येतो.

सुई-दोऱ्याचं थोडक्यात सांगते. सुई मध्यम घ्या, नंबर मोठा तेवढी सुई बारीक, ७ नंबरच्या आसपासची बरी पण जाड दोऱ्यासाठी भोक मोठं हवं, दुकानात दोरा दाखवून मागा. दोरा सुतीच. ३० बाय ३६ ची वाकळ अर्ध्या-अर्ध्या इंचावर ओळी घालून शिवली तर टाक्यांची लांबी मोजून ५५ मीटर होते, वर-खाली जाताना दोरा जास्त खातो, म्हणजे ७० मीटर धरा. एम्ब्रॉयडरीच्या ८ मीटरच्या लड्या असतात, त्यात सहा धागे असतात, तीन-तीन वेगळे केले की एका लडीचे १६ मीटर होतात, पाच लड्या पुरतात. नाहीतर क्रोशाचा सुती दोरा घ्या, स्वस्त आणि मजबूत, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जाणार असाल तर तिथल्या बायकांच्या सामानात नक्की सापडेल. बंगालात कांथा, म्हणजे तिकडची गोधडी, करताना बायका जुन्या साडीच्या काठातले रंगीत धागे ओढून त्यानेच शिवायच्या, मी एकदा करून बघितलं, अर्धे धागे तुटले पण जे टिकले त्यांचा रंग कुठल्या लडीत मिळणार नाही.

दोरा हातभरच घ्यायचा, कोपरापासून बोटापर्यंत. वारंवार ओवायचा कंटाळा म्हणून लांब घेतला की गुंता, आणि गुंता सोडवण्यात जो वेळ जातो त्यात दहा वेळा ओवून होतं. मेणबत्तीवरून एकदा ओढून घेतला तर आणखी बरा. अंगुस्तान मला कधीच जमलं नाही, मधल्या बोटाला चामड्याचा तुकडा चिकटपट्टीने बांधते, हसायचं तर हसा.

आणि एक गोव्याची खास सूचना, सुई कापडात टोचून तशीच ठेवू नका, अगदी एका रात्रीसाठीही नको. आपल्या हवेत ती गंजते आणि गंजाचा डाग पडतो. माझ्याकडे सुयांची डबी आहे, आत बुटांच्या खोक्यात येते ती सिलिकाची पुडी टाकलेली. डाग पडलाच तर लिंबू आणि मीठ चोळून उन्हात ठेवा, बहुतेक वेळा जातो, पण कापड रंगीत असेल तर आधी कोपऱ्यावर करून बघा.

आता पद्धत. आपल्याकडे साधारण वरचं आधी जोडून मग खालच्या साडीवर ठेवून टाचतात, पण मी जी सांगणार आहे ती शेजारच्यांची आहे. मोले-अनमोडचा घाट चढून पलीकडे गेलं की उत्तर कन्नडच्या रानात यल्लापूर, हल्याळकडे सिद्दी लोकांची वस्ती आहे, मूळ आफ्रिकेतले, पोर्तुगीजांनी गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्यांपैकी कित्येक पळून तिकडे रानात गेले त्यांचेही वंशज त्यात आहेत. त्यांच्या बायका कवंदी, म्हणजे त्यांची वाकळ, शिवतात. तिची गंमत अशी की ती कडेपासून सुरू होते आणि गोल-गोल फिरत मध्यावर संपते. तुकडे आधी जोडायचे नाहीत, टाचायचं फारसं नाही, शेवटी किनार लावायची नाही. जोडणं आणि गोधडणं एकाच टाक्यात. एकदा हे कळल्यावर मी दुसऱ्या पद्धतीला हातच लावला नाही.

जमिनीवर चटई घाला, त्यावर तळाची साडी दुपदरी किंवा तिपदरी, हाताने सपाट करा, मधोमध फुलीसारखे मोठे कच्चे टाके घाला म्हणजे पदर सरकणार नाहीत, नंतर ते काढायचे आहेत. चारी कडा अर्धा इंच आत दुमडून बोटाने किंवा इस्त्रीने मोडा. कोपऱ्यावर पहिला तुकडा ठेवा, त्याच्या बाहेरच्या दोन बाजू आत दुमडून साडीच्या दुमडलेल्या कडेशी अगदी जुळवून. उरलेल्या दोन बाजू तशाच मोकळ्या. आता कडेपासून अर्धा सेंटीमीटर आत धावदोरा सुरू करा, सुरुवातीची गाठ पदरांच्या मध्ये लपवा. तुकडा संपायच्या आधी इंचभर थांबा, दुसरा तुकडा घ्या, त्याची बाहेरची बाजू आणि आधीच्या तुकड्याकडची बाजू दुमडा, आणि आधीच्याच्या मोकळ्या कडेवर अर्धा इंच चढवून ठेवा. पुढे शिवत राहा. अशी एक फेरी पूर्ण झाली की चारी बाजूंनी तुकड्यांची चौकट तयार.

दुसरी ओळ पहिलीच्या आत, एका बोटाच्या जाडीवर. मग तिसरी, चौथी. तुकड्यांची आतली मोकळी कड जवळ आली की तिच्यावर पुढच्या फेरीचे तुकडे चढवायचे, त्यांची कड दुमडलेली, यांची झाकलेली. दोन तुकड्यांच्या मधली दुमडलेली शीव वेगळी शिवायलाच हवी असं काही नाही, लांब असेल तर चार टाके घाला, नाहीतर आडव्या ओळी तिला धरून ठेवतात.

टाका केवढा? इंचात तीन-चार पडले तर छान. सुईवर चार-पाच टाके घेऊन मग ओढायची, एकेक टाका ओढत बसलात तर नाताळ काय शिगमाही उलटेल. पण ओढताना दोरा ताणू नका. ओळ संपली की अंगठ्याने मागे दाबत कापड सैल करायचं, हे विसरलं की वाकळीची द्रोणासारखी वाटी होते. बारीक सुरकुत्या पडणारच, त्या हव्यात, त्यातच हवा अडकते आणि त्यामुळेच दोन पदरांची वाकळ चार पदरांची ऊब देते. खालून बघत राहा मात्र, दर ओळीला एकदा उलटून बघायचं की सुई सगळ्या पदरांतून जातेय ना, आणि आपण मांडीवरची साडी पण त्यात शिवत नाहीये ना. हे मी दोनदा केलंय. दुसऱ्यांदा पोस्टमन दारात होता.

उसवायचं कधी? माझं मत, टाका वाकडा म्हणून कधीच नाही. तळाला घडी पडून शिवली गेली तरच, कारण ती अंगाखाली टोचते. जपानच्या उत्तरेकडच्या थंड भागात, जिथे कापूस नीट होत नव्हता, तिथले शेतकरी पिढ्यान् पिढ्या ठिगळावर ठिगळ लावत गेले, त्याला बोरो म्हणतात, आज ती फाटकी कापडं म्युझियममध्ये लावलीत. त्या टाक्यांत तरी सगळ्या ओळी कुठे सरळ आहेत?

बसायचं कुठे आणि कधी हेही कामाचाच भाग आहे. दुपारचं जेवण आवरून, तीन वाजता, सोप्यावर किंवा जनेलाजवळ (खिडकीजवळ), जिकडे उजेड डाव्या खांद्यावरून येईल तिकडे (डावखुरे असाल तर उलट). नोव्हेंबरच्या शेवटी सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो, साडेपाचनंतर गडद कापडावर गडद दोरा दिसत नाही आणि ट्यूबलाइटखाली डोळे दुखतात. माझं घड्याळ म्हणजे पोदेर, आमचा पाववाला, संध्याकाळी त्याच्या सायकलचा हॉर्न ऐकू आला की सुई डबीत. मग चहा आणि कांकण (बांगडीसारखा कडक पाव) बुडवून, थंडी जास्त असेल तर तिझन, म्हणजे नाचणीची पेज, गूळ घालून. त्या वेळेला वाकळ मांडीवर असतेच, अर्धी शिवलेली, आणि खरं सांगू, ती पूर्ण व्हायच्या आधीच तिची ऊब मिळायला लागते, शिवता शिवता पायांवर पसरलेली असते ना. रोज तासभर धरला तर ३० बाय ३६ ची महिन्यात होते. लागोपाठ तीन तास बसू नका, मान धरते, मग आठ दिवस सुई नको वाटते. आणि रंगाचं ठरवत बसू नका, पिशवीत हात घाला, येईल तो तुकडा, दोन सारखे शेजारी आले तरच बदला. माझ्या धाकट्या मुलीला हे काम दिलंय, ती डोळे मिटून काढते आणि बरोबर तिच्याच जुन्या फ्रॉकचे तुकडे निघतात, कसे ते देव जाणे.

कोपऱ्यांवर सिद्दी बायका कापडाचा चौकोन दुमडून दुमडून केलेली तिकोनी फुलं लावतात, त्याशिवाय त्यांना कवंदी उघडी वाटते. करायला सोपं, दोन इंचाचा चौकोन, एकदा तिरका दुमडा, परत तिरका दुमडा, मोकळी बाजू दोन पदरांच्या मध्ये सरकवून शिवा. हे पहिल्या फेरीतच करावं लागतं, नंतर आठवलं तर कड उसवावी लागेल. बाळासाठी करत असाल तर घट्ट लावा, बाळं तेच चोखतात. शोभेला बुतांव (बटणं) लावायचा मोह बाळाच्या वाकळीवर टाळा, तुटून तोंडात जातो.

झाल्यावर कच्चे टाके काढा, साध्या पाण्यात हलक्या साबणाने धुवा, सावलीत अर्धी वाळली की उन्हात. पहिल्या धुण्यात ती आक्रसते, घाबरू नका. मे अखेरीला परत एकदा कडक ऊन, मग वाळवलेल्या कडुलिंबाच्या पानांची पुरचुंडी घालून जुन्या उशीच्या खोळीत, प्लास्टिकच्या पिशवीत अजिबात नको. पावसात मध्ये एखादा दिवस उघडा पडला की काढून दोरीवर टाका, दोन तास पुरतात.

राहिला मधला शेवटचा तुकडा. फिरत फिरत आत आलात की मध्ये एक पंजाएवढी जागा उरते, तिथे चारी बाजू दुमडून एकच तुकडा बसवायचा. सिद्दी बायका त्याच्याखाली तांदळाचे चार दाणे ठेवतात, गोधडीचं पोट भरलेलं असावं म्हणून. मी पहिल्यांदा ठेवले, उकडे तांदूळ, दोन महिन्यांत किड्यांनी शोधून काढले. आता मी तिथे आतल्या बाजूला सासऱ्यांच्या जुन्या शर्टाचा खिसा ठेवते, रिकामा. सासूबाईंना माहीत आहे, त्या झोपताना बरोबर तो मधला भाग छातीवर येईल असा ओढून घेतात.